कसला आवाज?

मराठीत आवाजांना शब्दांची कमी नाही. भांड्यांचा खणखणाट, पानांची सळसळ, दाराची करकर, बांगड्यांची किणकिण, डासाची गुणगुण. तरी गेल्या वर्षी माझ्या खोलीत जो आवाज राहायला आला, त्याला नाव द्यायला मला बरेच दिवस लागले. इंग्रजीत त्याला 'कॉइल व्हाइन' म्हणतात. व्हाइन म्हणजे कुरकुर किंवा रडगाणं. पण कुरकुर खालच्या पट्टीत असते आणि हा आवाज वरच्या पट्टीतला. बारीक, धातूचा, एका जागी टोचत राहणारा. शेवटी मी त्याला रातकिडा म्हणायला लागलो. रातकिडा जवळ गेल्यावर गप्प बसतो, हा बसत नाही, एवढाच फरक.

हा रातकिडा राहतो माझ्या ग्राफिक्स कार्डात. वाकडच्या टू बीएचकेमधली एक खोली माझी. नोकरीच्या पाचव्या वर्षी, कॉलेजचा लॅपटॉप पार थकल्यावर, मी पैसे साठवून पीसी जोडला. त्यातलं एकट्या कार्डचं बिल ६० हजारांच्या घरात गेलं. पहिल्या रात्री गेम सुरू केला, मेनू आला आणि त्याबरोबर हा आवाज. मला वाटलं बाहेर कुणी ग्राइंडर लावलाय. खिडकी लावली, पंखा बंद केला, मग कान केसजवळ नेला. गेममध्ये शिरलो की आवाज खाली उतरायचा, मेनूवर आलो की चढायचा. नुसतं एखादं पान स्क्रोल केलं तरी सूर बदलायचा. जणू मी काय करतोय ते कुणीतरी बारीक आवाजात वाचून दाखवतंय.

हा लेख त्या आवाजाबद्दल आहेच, पण त्याहून जास्त तो समीक्षेबद्दल आहे. कारण हे कार्ड घेण्याआधी मी तीन महिने ग्राफिक्स कार्डांच्या समीक्षा वाचत आणि बघत होतो. जेवताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. त्या तीन महिन्यांत कादंबरी एकही वाचली नाही. तेव्हा हा वाङ्मयप्रकार मला बऱ्यापैकी कळतो, असा दावा करायला हरकत नाही.

कार्डाच्या समीक्षेचा साचा सॉनेटइतका पक्का आहे. आधी खोका उघडायचा. मग प्लॅस्टिक सोलायचं, शक्यतो हळू. मग कार्ड हातात फिरवून वजनाबद्दल एक वाक्य. मग स्तंभालेख: या गेममध्ये इतके फ्रेम, त्या गेममध्ये तितके. मग तापमान. मग आवाज, म्हणजे डेसिबलचा एक आकडा. मग किंमत आणि शेवटी निकाल. कॉइल व्हाइनचा उल्लेख आलाच तर आवाजाच्या आकड्यानंतर एका वाक्यात येतो. थोडी आहे, पण केस बंद केल्यावर जाणवणार नाही, अशा अर्थाचं ते वाक्य. मराठी पुस्तकपरीक्षणाच्या शेवटी 'मुखपृष्ठ समर्पक, छपाई सुबक' असं येतं ना, तसंच. लिहिलं की सुटलो.

या वाक्याची मूळ अडचण अशी की ते लिहिणाऱ्याला खरं ठरवताच येत नाही. पुस्तकाची समीक्षा करणारा आणि मी एकच मजकूर वाचतो. त्याच्या प्रतीत दहावं प्रकरण चांगलं आणि माझ्या प्रतीत वाईट असं होत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या फ्रेमबाबतही हे बऱ्यापैकी खरं आहे. कॉइल व्हाइनबाबत मात्र अजिबात नाही. एकाच मॉडेलची दोन कार्डं वेगवेगळी ओरडतात. तेच कार्ड एका पॉवर सप्लायवर गप्प असतं आणि दुसऱ्यावर बोलतं. समीक्षकाने ऐकलेली प्रत माझी नसते, त्याची खोली माझी नसते आणि त्याचे कानही माझे नसतात. तरी वाक्य असं येतं, की जणू तो रंगाबद्दल बोलतोय.

आवाज कुठून येतो हे एकदा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कार्डाला पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट मिळतात. चिपला हवा असतो साधारण १ व्होल्ट. आणि तेवढ्या कमी व्होल्टेजवर २०० वॅट पोचवायचे म्हणजे २०० अँपिअरच्या आसपास करंट. घरातला साधा पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही. हे रूपांतर करण्यासाठी कार्डावर चिपच्या बाजूला राखाडी ठोकळ्यांची रांग असते. प्रत्येक ठोकळ्यात तांब्याचं वेटोळं. त्यातून वीज सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होते. वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र वाढतं-घटतं, तारा एकमेकींना ढकलतात आणि गाभ्याचा पदार्थही किंचित लांब-आखूड होतो. चुंबकामुळे लोखंडाची लांबी बदलते हे ज्यूलने १८४२ मध्येच नोंदवलं होतं. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो मुख्यतः याच कारणाने.

पण सेकंदाला काही लाख म्हणजे माणसाच्या कानापलीकडचं. आपण फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. मग मला जे ऐकू येतं ते काय? ते असतं कामाच्या चढउताराचं. कार्ड एक फ्रेम काढतं, क्षणभर थांबतं, पुढची काढतं. प्रत्येक फ्रेमला करंट चढतो आणि उतरतो. गेमच्या मेनूत काढण्यासारखं काहीच नसतं, म्हणून कार्ड बिनकामाचं सेकंदाला हजार-दोन हजार फ्रेम काढत सुटतं. हजार-दोन हजार म्हणजे थेट आपल्या कानाच्या अंगणात. म्हणून मेनूत आवाज सर्वांत मोठा. कार्ड सगळ्यात जास्त ओरडतं ते त्याला काही अर्थाचं काम नसतं तेव्हा. आमच्या ऑफिसात अशी माणसं आहेत, पण तो वेगळा लेख.

आता समीक्षकाचा डेसिबलचा आकडा घ्या. तो खोटा नसतो. पण पंख्याचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, आणि कॉइलचा आवाज एका-दोन पट्ट्यांत गोळा झालेला. दोन्ही मिसळून एक आकडा काढला की पंखा जिंकतो आणि रातकिडा बेरजेत बुडून जातो. डासाचे डेसिबल मोजले तर काय येतील? नगण्य. म्हणून डासाने झोप मोडत नाही असं कुणी म्हणत नाही. परिसरातला गोंगाट मोजणाऱ्यांना हे माहीत आहे. त्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आवाजात ठळक एकच सूर असेल तर मोजलेल्या आकड्यावर ३ ते ६ डेसिबल वर धरायची सोय आहे. म्हणजे टोचणं ही माझ्या मनाची समजूत नाही, त्याला हिशेबात जागा आहे. कार्डांच्या समीक्षेत ती जागा सहसा दिसत नाही.

मी कार्ड घेऊन दुकानात गेलो. त्यांनी ते सर्व्हिस सेंटरला पाठवलं. सतरा दिवसांनी परत आलं, सोबत छापील कागद: दोष आढळला नाही, आवाज नॉर्मल मर्यादेत. काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, मर्यादा किती आहे? तो म्हणाला, "सर, नॉर्मल म्हणजे नॉर्मल."

न्यायाने सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता. कॉइल व्हाइनने कार्ड बिघडत नाही, फ्रेम कमी होत नाहीत, आयुष्य घटत नाही. माझी तक्रार वस्तूच्या कामाबद्दल नव्हतीच. पण 'नॉर्मल' हा शब्द काय करतो ते पाहा. तो आवाज आहे की नाही या प्रश्नाला हात लावत नाही. तो प्रश्न उचलून ऐकणाऱ्याकडे सरकवतो. आवाज नॉर्मल आहे, म्हणजे तुझे कान जरा जास्त आहेत. मी घरी आलो आणि खरंच आठवडाभर स्वतःवर संशय घेतला. रूममेटला बोलावून ऐकवलं. एकाला ऐकू आलं, दुसरा म्हणाला हेडफोन घाल ना.

त्यानंतर डिसेंबरात पप्पा आले.

पप्पा इचलकरंजीचे. मीही तिथलाच. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, त्याचे धडे शाळेत असताना आमच्याकडून पाठ करून घेतलेले आहेत. पप्पा तीस वर्षं जॉबर. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, लावणारा, चालता ठेवणारा. धोट्याचे माग ज्यांनी ऐकलेले नाहीत त्यांना तो आवाज सांगणं अवघड आहे. एक माग खटखटतो. चाळीस माग एका पत्र्याखाली लावले की खटखट उरत नाही, एक भिंत तयार होते. त्या भिंतीच्या आत माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलतात. मी लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा पप्पा माझ्याशी तिथे तोंडाने बोललेले मला आठवत नाहीत.

पप्पा चुलतभावाच्या लग्नासाठी पुण्याला आले होते आणि दोन रात्री माझ्याकडे राहिले. मी गेम लावला. मेनू आला, रातकिडा सुरू झाला. पप्पा दोन फुटांवर कॉटवर बसून मोबाईल बघत होते. मी म्हणालो, "पप्पा, हा आवाज त्रास देतोय बघा. दुकानवाले म्हणतात नॉर्मल आहे."

"कसला आवाज?"

मला वाटलं ते दुकानवाल्यांची बाजू घेताहेत. मी केसची काच काढली. "हा."

त्यांनी वाकून कान लावला. "पंखा फिरतोय की."

मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. आई फोनवर कधीची सांगत होती की यांना 'सात' म्हटलं तर 'हात' ऐकू येतंय. गावातल्या डॉक्टरांनी वर्षांपूर्वी सांगितलेलं की या धंद्यात एवढं चालायचंच, नॉर्मल आहे. मी इंजिनीअर असून त्या वाक्यावर कधी थांबलो नव्हतो. माझ्या कार्डावरच्या त्याच शब्दावर मात्र मी सतरा दिवस आणि वर एक आठवडा भांडलो होतो.

लग्न आटोपल्यावर त्यांना ऑडिओमेट्रीला नेलं. आलेल्या कागदावर एक आलेख होता, आणि आयुष्यात इतके आलेख पाहिले पण असा एकही नाही. डावीकडे रेघ जवळपास सरळ. खालचे सूर ठीक. मग ४००० हर्ट्‌झला रेघ दरीत कोसळते, ५५ डेसिबलपर्यंत, आणि पलीकडे थोडी वर येते. गोंगाटात काम केलेल्या माणसाच्या कानाची ही ओळखीची सही आहे. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आकृती काढून समजावलं. कानाच्या नळीची लांबीच अशी असते की ती ३००० हर्ट्‌झच्या आसपासचे सूर स्वतःहून मोठे करते. त्यामुळे त्या भागात आपला कान सर्वांत तल्लख असतो, आणि त्यामुळेच गोंगाटाचा मारही त्याच्या जरा वरच्या भागाला आधी बसतो. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारे सूर तिथे आणि त्याहून वरच राहतात. म्हणून माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही.

माझा रातकिडाही त्याच भागात राहतो. मला तो छळतो कारण माझ्या कानाचा तो भाग शाबूत आहे. तो शाबूत आहे कारण तीस वर्षं दुसऱ्या कुणी त्या पत्र्याखाली उभं राहून माझी फी भरली. ८ तासांच्या कामासाठी तज्ज्ञ ८५ डेसिबलची मर्यादा सांगतात. धोट्याच्या मागांचा कारखाना ती सहज ओलांडतो. कानात घालायच्या बोळ्यांची किंमत काही रुपये असते. पप्पांना विचारलं, कधी दिले का? ते म्हणाले, "कानात बोळे घातल्यावर माग कसा ऐकायचा?"

हे वाक्य मला लगेच कळलं नाही. जॉबर मागांमधून चालत जातो आणि त्या भिंतीतून एक वीट वेगळी ऐकतो. पिकरचं चामडं झिजलंय, कुठला बोल्ट सुटलाय, धोटा पेटीत उशिरा पोचतोय. हे सगळं आधी आवाजात येतं, कापडात नंतर. कापडात आलं तर उशीर झाला, कारण मजुरी मीटरवर. म्हणजे ते नुसते गोंगाटात उभे नव्हते, ते तो वाचत होते. आणि वाचता वाचता डोळे गेल्यासारखे त्यांचे कान गेले.

यंत्राचा आवाज वाचता येतो, ही कविकल्पना नाही. २०१३ मध्ये डॅनियल गेनकिन, आदी शामिर आणि एरन ट्रोमर या तीन संशोधकांनी लॅपटॉपमधल्या वीज-नियंत्रक भागांचा असाच बारीक आवाज ऐकून त्यात चाललेल्या सांकेतिक प्रणालीची ४०९६ बिटची गुप्त किल्ली तासाभरात काढून दाखवली. शेजारी ठेवलेला साधा मोबाईल पुरला, आणि चांगला मायक्रोफोन असेल तर चार मीटरवरूनही जमलं. शामिर म्हणजे आरएसए या पद्धतीच्या नावातला 'एस'. आपल्याच पद्धतीची किल्ली त्यांनी कुरकुरीतून उचलली. तेव्हा सर्व्हिस सेंटर ज्याला 'नॉर्मल' म्हणून मिटवतं, त्यात पुरेसा मजकूर असतो. ऐकणारा तयारीचा हवा.

म्हणून कार्डांच्या समीक्षेकडे माझं मागणं साधं आहे. निकाल देऊ नका, आवाज ऐकवा. एका ठरावीक अंतरावरून, पंखा थांबवून, मेनूत एकदा आणि गेममध्ये एकदा. कोणता पॉवर सप्लाय होता ते सांगा. कार्ड कंपनीने पाठवलं की दुकानातून विकत घेतलं ते सांगा. आणि ऐकणाऱ्याचं वय सांगा. 'मला ऐकू आलं नाही' हे प्रामाणिक वाक्य आहे. 'आवाज नाही' हे नाही. साहित्यसमीक्षेने 'मी' म्हणायला शिकायला बराच काळ घेतला, आणि अजूनही आपल्याकडे काही समीक्षक रसिकांच्या वतीने निवाडा देतात. यंत्रांच्या समीक्षेत आकडे असल्यामुळे तो 'मी' लपवणं आणखी सोपं जातं.

आणि माझ्यासारख्या वाचकाकडेही एक मागणं आहे. शांतता ही आता विकत घेण्याची सोय झाली आहे. शांत पंखे, फोम लावलेले केस, कानावर चढवायचे हेडफोन. त्यातली उरलेली कुरकुर टोचते हे खरं, तिच्याबद्दल भांडावं हेही खरं. फक्त भांडताना 'नॉर्मल' हा शब्द अजून कुणाकुणाला ऐकवला गेलाय याची यादी जवळ असावी. माझी यादी फार उशिरा सुरू झाली आणि तिच्यात पहिलं नाव घरातलंच निघालं.

फेब्रुवारीत पप्पांना ट्रायलवर मशीन मिळालं, कानामागे बसणारं. पहिल्या दिवशी ते वैतागले होते. वर्तमानपत्राचा कागद, नळ, स्वतःच्या चपला, सगळं अंगावर येत होतं. संध्याकाळी खोलीत आले. मी पीसी लावला, मेनू आला. त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि मान थोडी तिरकी केली. ही तिरकी मान मी डबा घेऊन जायचो तेव्हाची आहे.

"हे काय वरडायलंय?"

मी काच काढली. त्यांनी वाकून ऐकलं. मला म्हणाले, गेम चालू कर. केला. मेनूत ये. आलो. परत जा. पाच मिनिटं माझ्याकडून हेच करून घेतलं. मग सरळ उभे राहिले.

"काम नसताना पळतंय ते फुकट. म्हणून वरडतंय. स्पीड बांध की त्याचा."

फ्रेमवर मर्यादा घाला, हाच यावरचा पहिला उपाय. मला तो माहीत होता, पण पैसे मोजलेत तर पूर्ण वेग हवा या हट्टाने मी लावला नव्हता. त्या दिवशी मर्यादा ६० वर आणली, पॉवर लिमिटही जरा उतरवलं. रातकिडा जवळजवळ गप्प झाला. पूर्ण नाही. मला अजून येतो.

पप्पांना विचारलं, आता येतोय का? त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "थोडा हाय. पण आता ठीक चाललंय." मग मशीन काढून डबीत ठेवलं, कारण खालच्या रस्त्यावरचे हॉर्न त्यांना सहन होत नव्हते.